कलकत्ता विद्यापीठांतील नवे विषय

वेळापत्रकांत नवा विषय घालणें किती सोपें असतें, तें मीं मास्तरकींत पाहिलें आहे. एका शाळेंत चित्रकलेचा तास लागला. वर्षभर तो भूगोलाच्या मास्तरांनीं निभावला. कागद व रंग मात्र आलेच नाहींत. विद्यापीठांचें दुखणेंही बहुधा याच जातीचें असतें.

कलकत्ता विद्यापीठ १८५७ सालीं लंडनच्या धर्तीवर निघालें. शिकविणें कॉलेजांनीं, विद्यापीठानें परीक्षा घ्यावयाची व पदव्या द्यावयाच्या. त्यामुळें अभ्यासक्रम ठरविणें म्हणजे प्रश्नपत्रिकेची हद्द आंखणें, असें संस्थेचें वळणच पडून गेलें. १९०४ च्या कायद्यानें अध्यापनाचा अधिकार मिळाला. पण अधिकारानें संवय थोडीच मोडते?

१९०६ सालीं कुलगुरु झालेले न्यायमूर्ति आशुतोष मुखर्जी यांनीं ती मोडण्यास आधीं माणसें शोधलीं. तारकनाथ पालित व रासबिहारी घोष या वकिलांच्या देणग्यांतून १९१४ सालीं विज्ञान कॉलेजची कोनशिला बसली. प्राध्यापक भारतीयच असावा, अशी दात्यांची अट होती. आशुतोषांनीं निवडलेले रामन सरकारी हिशेबखात्यांतील मोठा पगार सोडून १९१७ सालीं पालित प्राध्यापक झाले. देवदत्त भांडारकर हे आपल्या रामकृष्णपंत भांडारकरांचे चिरंजीव. तेही त्याच वर्षीं प्राचीन इतिहास शिकविण्यास तेथें गेले.

मेघनाद साहा व सत्येंद्रनाथ बोस यांना तर एम्. एस्‌सी. होतांच, १९१६ सालीं, व्याख्याते नेमलें. जें पदार्थविज्ञान शिकवावयाचें, तें आधीं त्यांनाच शिकावें लागलें! महायुद्धामुळें जर्मन पुस्तकें दुर्मिळ झालेलीं; तीं शिबपूरच्या इंजिनिअरिंग कॉलेजांतील ब्रूल यांच्याकडून आणून वाचावयाचीं. १९२० सालीं या दोघांनीं आइन्स्टाइनच्या सापेक्षतेवरील निबंधांचें इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केलें. देशी भाषांची एम्. ए. आदल्याच वर्षीं सुरू झाली होती.

खर्च उत्पन्नापुढें गेला. आशुतोषांनीं हिशेब न पाहतां विभाग उघडले, हा आक्षेप मला अगदींच खोटा वाटत नाहीं. १९२२ सालीं सरकारनें अटी घालून अडीच लाख देऊं केले. पैशाची निकड असूनही त्यांनीं सिनेटमध्यें त्या अटींस कडाडून विरोध केला. पुढच्या वर्षीं लॉर्ड लिटननीं अटींसह देऊं केलेलें कुलगुरुपदही त्यांनीं नाकारलें. १९२४ सालीं ते वारले. रामन यांना १९३० सालीं नोबेल पारितोषिक मिळालें, तेव्हां ते पालित प्राध्यापकच होते.