मोहाडीचा माग आणि माणसाचे वय

भंडारा-तुमसर रस्त्यावरचे मोहाडी हे तालुक्याचे ठिकाण विणकरांचे जुने गाव आहे. तालुक्यातलेच आंधळगाव आणि दक्षिणेकडचे पवनी यांच्या जोडीने त्याचे नाव रेशीमकाठी लुगड्यांसाठी घेतले जाई. गावाची चौंडेश्वरी देवी दूरवर प्रसिद्ध आहे, आणि हीच देवी महाराष्ट्रभर कोष्ट्यांची कुलदेवता मानली जाते.

कोष्ट्याच्या घरात वय वर्षांपेक्षा कामावरून कळे. लहान मूल कांड्या भरायला बसे. हात जरा स्थिर झाला की पहाटे पांजणीला जायचे: गल्लीभर ताणलेल्या ताण्याला खळ लावून, ऊन चढण्याआधी कुंच्याने धागे मोकळे करायचे. पुढे खड्ड्यात पाय सोडून पावड्या दाबण्याची पाळी येई.

करवतकाठी विणताना वयांची ही साखळी एकाच मागावर दिसे. करवतीच्या दातांसारख्या या काठासाठी तीन धोटे लागतात: दोन काठांचे दोन आणि मधल्या अंगाचा एक. प्रत्येक फेरीला काठाचा रंगीत धागा अंगाच्या धाग्यात अडकवावा लागतो, म्हणून शेजारी मदतनीस बसवावा लागे. तो बहुधा घरातलाच पोर असे. मोठ्याचा हात बघत त्याचा हात तयार होई. वेगळी शाळा नव्हती. नजर मंदावली, तुटलेला धागा सांधताना हात चुकू लागला, की माणूस मागावरून उठून चरख्याशी बसे. कोसा रेशमाचा धागा काढणे तर म्हाताऱ्या बायांचे हातखंडा काम. ऐनाच्या झाडावर वाढलेले कोसे उकळायचे आणि अनेक तंतू एकत्र करून मांडीवर वळायचे. घरात म्हातारपणाला जागा होती, ती या कामामुळे.

1877 साली नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली. गिरणीचे सूत विणकरांनी स्वीकारले. साधे कापड गिरणीकडे गेले, काठाचे लुगडे मात्र मागावर टिकले. पुढे नऊवारी मागे पडली आणि यंत्रमाग आले. 1985 च्या कायद्याने काही वाण हातमागासाठी राखून ठेवले, पण नक्कल थांबली नाही. करवतकाठीला भौगोलिक मानांकन मिळाले, ते योग्यच झाले. नाव त्याने वाचते. शेजारी बसणारा पोर मात्र त्याने परत येत नाही. दिवसभराच्या विणकामाची मजुरी घर चालवायला पुरेना, तेव्हा आईबापांनीच मुलांना मागापासून दूर केले. त्यांचा निर्णय चूक म्हणता येणार नाही.

म्हणून आज हे ज्ञान मुख्यतः उतारवयाच्या हातांत उरले आहे. तिसरा धोटा कधी टाकायचा, खळ किती दाट ठेवायची, कोसा किती उकळायचा, हे कागदावर फारसे उतरलेले नाही. ते सांगणारी माणसे आहेत तोवरच त्यांच्याशेजारी बसून ते टिपून घ्यायला हवे.