२५ डिसेंबरचा पुरावा नेमका कुठे आहे?

मागच्या डिसेंबरात अकोल्याहून मामेभावाचा मेसेज आला. तो पीएच.डी.च्या प्रवेश परीक्षेची तयारी करतोय, आणि रिसर्च मेथडॉलॉजीच्या सरावासाठी त्यानं 'सणांचा उगम' हा विषय घेतला होता. "दादा, नाताळ म्हंजे मूळचा रोमन सूर्यदेवाचा सण. ख्रिश्चनायनं तारीख चोरली. धा वेबसाइटवर हेच हाय. लिहून टाकू का?" मी चहा पिता पिता 'हो' म्हणून इमोजी टाकला आणि मोकळा झालो.

रात्री मात्र ते डोक्यातून जाईना. पहिल्या वर्षी माझ्या सिनॉप्सिसमध्ये असंच झालं होतं. एका अभिक्रियेचं तापमान मी पाच पेपरांतून उचललं. पाचही पेपर एकाच जुन्या पेपरचा दाखला देत होते, आणि त्या जुन्या पेपरात ते तापमान मोजलेलंच नव्हतं. तीन महिने पाण्यात गेले. म्हणून ठरवलं, 'दहा वेबसाइट' बाजूला ठेवून मूळ कागद कोणता ते बघू.

सुरुवात शब्दापासूनच केली. 'नाताळ' हा पोर्तुगीज 'नाताल'वरून आलेला शब्द, आणि त्याच्या मागे लॅटिन 'नातालिस', म्हणजे जन्मदिवस. पोर्तुगीज गोव्यात होते, वसईत १७३९ पर्यंत होते. वऱ्हाडात कधीच नव्हते. गंमत बघा, त्यांचा बटाटा आपल्याकडे नीट रुजला नाही, आपण आलूच म्हणतो. पेरूला जाम म्हणतो. पण नाताळ आला, पगार आला, घमेलं आलं. हिंदीवाले शेजारी 'बडा दिन' म्हणत असतानाही आपल्या कॅलेंडरवर नाताळच छापला जातो.

हाच 'नातालिस' आपल्याला मूळ कागदापर्यंत नेतो. रोममध्ये इसवी सन ३५४ सालासाठी एक सचित्र पंचांगवजा ग्रंथ तयार झाला. व्हॅलेंटिनस नावाच्या श्रीमंत ख्रिस्ती माणसासाठी फिलोकॅलस या सुलेखनकारानं तो केला. मूळ प्रत हरवली, नकलांच्या नकला उरल्या. त्यातल्या सरकारी दिनदर्शिकेत २५ डिसेंबरपुढे 'अजिंक्याचा जन्मदिवस' आणि रथांच्या ३० शर्यती अशी नोंद आहे. अजिंक्य म्हणजे सूर्यदेव असं मानलं जातं. त्याच ग्रंथात काही पानांनंतर हुतात्म्यांच्या स्मृतिदिनांची यादी आहे, आणि तिची पहिलीच नोंद २५ डिसेंबरला बेथलेहेममध्ये ख्रिस्त जन्मला अशी. ही यादी मुळात ३३६ सालची असावी असं अभ्यासक मानतात.

आता इथे थांबा. सूर्याच्या सणाचा २५ डिसेंबर या तारखेसह सापडणारा सगळ्यात जुना पुरावा आणि ख्रिस्तजन्माच्या रोममधल्या सणाचा सगळ्यात जुना पुरावा, दोन्ही एकाच ग्रंथात आहेत. सम्राट ऑरेलियननं २७४ मध्ये सूर्याचं मंदिर उभारलं हे खरं, पण ते २५ डिसेंबरला, असं त्या काळचं कुठलंच साधन सांगत नाही. मग कोणी कोणाची तारीख घेतली? या एका कागदावरून ते ठरत नाही. 'सूर्याच्या सणामुळे तारीख बदलली' असं स्पष्ट सांगणारी टीप सापडते ती १२व्या शतकातल्या एका सिरियाक लेखकाच्या हस्तलिखिताच्या समासात, म्हणजे घटनेनंतर तब्बल आठशे वर्षांनी. प्रयोगाच्या आठशे वर्षांनंतर लिहिलेलं रीडिंग तुम्ही टेबलमध्ये घ्याल का?

दुसरी बाजू दुशेन या फ्रेंच अभ्यासकानं १८८९ मध्ये मांडली. पाश्चात्त्य ख्रिस्ती परंपरेत ख्रिस्ताचा मृत्यू २५ मार्चचा धरत. तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीला तेर्तुलियनच्या नावावरच्या लेखनात ती तारीख येते. थोर माणसाचा गर्भात येण्याचा आणि मृत्यूचा दिवस एकच, अशी कल्पना धरली तर २५ मार्च अधिक नऊ महिने म्हणजे २५ डिसेंबर. हिशोब छान जुळतो. पण ही 'एकच दिवस' कल्पना त्या काळी कोणी नेमकी अशी वापरून जन्मतारीख काढल्याचं लिहिलेलं नाही, त्यामुळे हीसुद्धा गृहीतकच. मला स्वतःला ही बाजू थोडी जड वाटते, कारण २५ मार्चचा पुरावा निदान आधीचा आहे.

सूर्याचा संबंध मात्र पूर्ण सोडता येत नाही. प्लिनीनं पहिल्या शतकात हिवाळ्यातला सर्वांत लहान दिवस २५ डिसेंबरला दिलाय. प्रत्यक्षात ज्युलियन वर्ष ३६५.२५ दिवसांचं, खऱ्या वर्षापेक्षा किंचित मोठं, त्यामुळे साधारण १२८ वर्षांत एक दिवस चुकतो. ३५४ पर्यंत सर्वांत लहान दिवस २०-२१ डिसेंबरच्या आसपास सरकला होता, तरी परंपरेतली तारीख २५ राहिली. आपल्याकडे वेगळं काय झालं? उत्तरायण आपण तिळगुळाच्या दिवशी, १४ जानेवारीला धरतो. पृथ्वीच्या अक्षाच्या परांचन गतीमुळे संक्रांत दर ७१-७२ वर्षांनी एक दिवस पुढे जाते. मागे मोजत गेलं की साधारण १७०० वर्षांपूर्वी संक्रांत आणि खरं उत्तरायण एकत्र येतात, म्हणजे जवळपास ऑरेलियनच्याच काळात. हा योगायोग आहे. यावरून कृपया कोणी फॉरवर्ड बनवू नये.

बाकी चालीरीतींचं प्रकरण सोपं आहे, कारण त्या उशिराच्या आणि कागद भरपूर. गव्हाणीचा देखावा संत फ्रान्सिसनं १२२३ मध्ये ग्रेचो गावात केला. सजवलेलं झाड १६व्या शतकातल्या जर्मन भाषक भागातलं. लाल कपड्यांचा सांता कोकाकोलानं काढला हेही खोटं. त्यांची जाहिरात १९३१ ची, थॉमस नास्टची चित्रं १८६३ पासूनची.

आणि वऱ्हाडात? इकडे १९व्या शतकाच्या अखेरीस अकोल्यात ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सचे अमेरिकन लोक काम करत होते. त्याआधी, १८१३ मध्ये मुंबईत आलेले अमेरिकन मिशनरी न्यू इंग्लंडच्या परंपरेतले. त्याच न्यू इंग्लंडमधल्या मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ ते १६८१ या काळात नाताळ साजरा केला तर पाच शिलिंग दंड होता, आणि तिथे सरकारी सुट्टी मिळाली ती १८५६ मध्ये! म्हणजे मराठी मुलखात धर्म सांगायला आलेल्यांपैकी काहींच्या गावी हा सण धड रुजलेलाही नव्हता. म्हणूनच असेल, इथला नाताळ इथल्यासारखा झाला. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती उपासनेत भजन-कीर्तन आणलं. मराठी ख्रिस्ती घरांत करंज्या, शंकरपाळे, चकल्या होतात. अमरावतीत एका गव्हाणीवर मी बर्फ म्हणून कापूस पसरलेला पाहिलाय. डिसेंबरात वेचणी चालू असते, कापसाला काय तोटा!

हे सगळं मी मामेभावाला दुसऱ्या दिवशी फोनवर सांगितलं. तो वैतागला. "दादा, मंग मी लिहू काय?" शेवटी त्यानं लिहिलं: 'दोन्ही सणांची २५ डिसेंबरची सर्वांत जुनी ज्ञात नोंद ३५४ च्या एकाच रोमन ग्रंथात आहे, उसनवारीची दिशा त्यावरून ठरत नाही.' एवढंच एक वाक्य. आधीचं दीड पान त्यानं खोडून टाकलं.