खळ, डिंक आणि चिकटपट्टी

परवा लेकीचा पुण्याहून फोन आला. "बाबा, आईच्या मोबाईलमधल्या ओव्या मला पाठवा ना."

हिला जाऊन आता दोन वर्षं झाली. शेवटच्या वर्षी नातीच्या हट्टापायी हिने जात्यावरच्या ओव्या मोबाईलवर म्हणून ठेवल्या होत्या. त्यांची दुसरी प्रत कुठेही नाही. मोबाईल कपाटातून काढला, चार्ज केला, चालूही झाला. पण पडद्यावरची संरक्षक काच तडकलेली. ती उचकटून काढली तर खाली सगळा चिकट थर, त्यावर धूळ बसून काळा झालेला. कुलूप उघडायला त्या ठिपक्यांवरून बोट ओढावं लागतं, आणि बोट तर अर्ध्या वाटेत अडकायचं. तीनदा चुकलं, मग थांबलो.

बाजारपेठेतल्या एका दुकानातला मुलगा म्हणाला, "थिनरने पुसा काका, दोन मिनिटांत साफ!" मी मान डोलावली आणि मोबाईल खिशात घालून तसाच घरी आलो. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, आणि माझं तोंड तर दोनदा पोळलेलं आहे.

पहिल्यांदा टीव्हीच्या रिमोटवर. त्यावरच्या लेबलाचा डाग काढायला थिनर लावला, तर डागाबरोबर आकडेही गेले आणि प्लॅस्टिक खरबरीत झालं. त्याचं फारसं काही नाही, रिमोट नवा मिळतो. दुसरी चूक मात्र अजून सलते.

१९७२ च्या दुष्काळात आमचे वडील दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. रोजची हजेरी, मिळालेली मजुरी, सुकडी कधी वाटली, हे सगळं ते एका वहीत लिहून ठेवत. पुढे त्या वहीची पानं फाटू लागली. मी मास्तर माणूस, हातात नवी चिकटपट्टी आलेली. मोठ्या हौसेने पानं जोडली. पंधरा-सोळा वर्षांनी पाहतो तर पट्टी पिवळी पडून कडक झालेली आणि कडेने चिकट तपकिरी डाग पसरलेले. म्हटलं, काढून टाकू. ओढली, आणि तीन ओळी पट्टीबरोबर निघून आल्या. वडिलांच्या हातच्या तीन ओळी! त्यांत काय लिहिलं होतं ते आता कोणालाच सांगता येणार नाही.

तेव्हापासून हा चिकटण्या-सुटण्याचा इतिहास मी जमेल तसा वाचत आलोय. आज मोबाईलच्या निमित्ताने तो तुमच्यापुढे मांडतो.

आमच्या लहानपणी चिकटवायला दोनच गोष्टी होत्या. एक खळ, दुसरा डिंक. गव्हाचं पीठ किंवा मैदा पाण्यात शिजवायचा की झाली खळ. कसर लागू नये म्हणून बुकबाइंडर तिच्यात मोरचूद घालत. डिंकासाठी प्रवरेच्या काठच्या बाभळी होत्याच. तो पाण्यात भिजत घालायचा आणि बोटाने लावायचा. पुढे शाळेत कॅमलच्या डिंकाची बाटली आली. ती कॅम्लिनची, म्हणजे १९३१ साली दांडेकर बंधूंनी मुंबईत शाईपासून सुरू केलेल्या धंद्याची.

या सगळ्यांचा एक गुण होता. ते पाण्याने लागत आणि पाण्यानेच सुटत. पाकिटावरचं तिकीट हवं असलं तर आम्ही पाकिटाचा तेवढा तुकडा वाटीभर पाण्यात टाकायचो. दहा मिनिटांत तिकीट आपोआप तरंगत वर यायचं. ओढाताण नाही, फाटाफाट नाही. जुने कागद दुरुस्त करणारे जाणकार आजही गव्हाच्या सत्त्वाची खळच वापरतात, ती याचसाठी. उद्या कोणाला ते काम उलगडून पुन्हा करायचं झालं, तर करता यावं.

मग आली चिकटपट्टी. तिची गोष्ट मोठी गमतीची आहे. अमेरिकेत तेव्हा दोन रंगांच्या मोटारींची फॅशन होती. एक रंग देताना दुसरा झाकायला कागद चिकटवत, आणि तो काढताना खालचा ताजा रंगही निघून येई. थ्री-एम कंपनीतल्या रिचर्ड ड्रू या तरुणाने ते पाहिलं आणि १९२५ साली अशी पट्टी काढली की जी चिकटेल, पण ओढली की रंगाला धक्का न लावता सुटेल. म्हणजे या पट्टीचा जन्मच मुळी सुटण्यासाठी झाला! १९३० साली त्यानेच पारदर्शक सेलोफेनची पट्टी काढली. ते मंदीचे दिवस होते. नवं घेण्याची ऐपत नसलेले लोक फाटकं-तुटकं तिनेच जोडू लागले. काही दिवसांपुरती असलेली वस्तू अशी कायमची म्हणून वापरात आली, आणि माझ्यासारख्यांनी पुढे तेच केलं.

तिच्यातला चिकटा रबर आणि राळेचा. हवेने आणि उजेडाने तो वर्षानुवर्षं बदलत जातो, पिवळा पडतो, कागदाच्या आत मुरतो. पाण्याला तो दाद देत नाही, कारण तो पाण्याचा नाहीच, तेलाच्या जातीचा आहे.

१९३५ साली स्टँटन अ‍ॅव्हरी यांनी मागून आयताच चिकटा लावलेली लेबलं काढली. त्यांचे वंशज आपल्या घरोघरी आले. नव्या स्टीलच्या ताटावरचं लेबल आठवा. ते गॅसवर जरा गरम करून सोलायचं आणि राहिलेला चिकटा तेलाने पुसायचा, हे बायकांनी कुठल्याही पुस्तकावाचून शोधलं. माझी आई मेण लावून त्यावर कुंकू रेखायची. हिच्या वेळी चिकटणाऱ्या टिकल्या आल्या, आणि आमच्या आरशाच्या कडेला त्यांचे गोल डाग. ते ही खोबरेल तेलाच्या बोटाने काढायची. ऊब आणि तेल! सगळं शास्त्र या दोन शब्दांत आलं.

स्टील आणि काच काहीही सोसतात. प्लॅस्टिकचं तसं नाही. थिनर किंवा नखांचा रंग काढायचं अ‍ॅसिटोन चिकटा विरघळवतं, तसंच कित्येक जातींचं प्लॅस्टिकही विरघळवतं. मोबाईलचा पडदा काचेचा असला तरी बोटांचा तेलकटपणा बसू नये म्हणून त्याच्यावर पातळ लेप असतो. लॅपटॉप आणि टीव्हीचा पडदा तर बहुधा वरून प्लॅस्टिकच. अल्कोहोलबद्दलही कंपन्या पूर्वी नको म्हणत. कोरोना आला तेव्हा, मार्च २०२० मध्ये, अ‍ॅपलने ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या ओल्या फडक्याने हलकेच पुसायला हरकत नाही असं सांगितलं. तेही भोकांत ओल जाऊ न देता.

तर मी काय केलं ते सांगतो. मोबाईल बंद केला. सुती फडकं तव्यावर कोमट करून पडद्यावर ठेवलं, पोळेल इतकं गरम नाही. मग चिकटपट्टीचाच तुकडा उलटा बोटाला गुंडाळून हलके हलके टिपत गेलो. चिकट्याला चिकटा ओढून घेतो. बराचसा निघाला. कडेला राहिलेल्याला एका जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने सैल केलं. ब्लेड नाही, सुरी नाही. शेवटी कापसाच्या बोळ्याला खोबरेलाचा एकच थेंब. तो आधी एका कोपऱ्यात लावून पाहिला. काही बिघडलं नाही म्हटल्यावर सगळीकडे लावून दहा मिनिटं वाट पाहिली. मग साबणाच्या पाण्यात घट्ट पिळलेलं मऊ फडकं, आणि वर कोरडं. मागच्या प्लॅस्टिकच्या कव्हरवरचे डाग चक्क खोडरबराने गेले. पडद्यावर मात्र खोडरबर चालवू नका, चरे पडतील. आणि लॅपटॉप-टीव्हीच्या पडद्यावर हे टिपणं-खरवडणंही नको. तिथे बंद करून, किंचित ओलसर मऊ फडकं, दाब न देता, तेही पुन्हा पुन्हा.

या सगळ्याला दीड तास लागला. थिनरने दोन मिनिटं लागली असती, हे खरं.

मोबाईल चालू केला. बोट एका ठिपक्यापासून दुसऱ्यापर्यंत अलगद सरकलं आणि कुलूप उघडलं. ओव्या अकरा निघाल्या. लेकीला पाठवल्या, नातीला पाठवल्या, एक प्रत पेनड्राइव्हवर घेतली. आठव्या ओवीच्या मध्येच ही थांबून मला विचारते, "अहो, गॅस बंद केलात का?"

वडिलांच्या वहीवर अजून चार पट्ट्या आहेत. त्यांना मी हात लावणार नाही. जुन्या कागदांचं काम जाणणारा कोणी भेटला की वही त्याच्यापुढे ठेवीन. तोवर ती जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून कपाटात राहील.