निळ्या बोर्डाचं कूळ

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपास इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात ‘आर्डुइनो’ मागितलं, की तळहातावर मावेल असा, प्रोग्रॅम भरता येणारा एक निळा बोर्ड समोर येतो. ओरिजिनल हवा तर एक किंमत, कॉपी चालणार असेल तर त्याहून बरीच कमी. यात लपवाछपवी नाही. या बोर्डाचा आराखडा कुणीही उतरवून घ्यावा, अशी मुभा तो करणाऱ्यांनीच दिलेली आहे. राखून ठेवलंय ते फक्त नाव. आणि ते नाव हजार वर्षांपूर्वी गादी गमावलेल्या एका राजाचं आहे.

उत्तर इटलीत, आल्प्सच्या पायथ्याशी इव्रेआ नावाचं छोटं शहर आहे. तिथला सरदार आर्दुईनो १००२ साली इटलीचा राजा झाला. दोनच वर्षांत जर्मनीच्या दुसऱ्या हेन्रीने तो मुकुट स्वतःच्या डोक्यावर चढवला. आर्दुईनोचा शेवट एका मठात झाला. गावाने मात्र त्याला टाकलं नाही. त्याच्या नावाचा एक बारही तिथे होता, ‘बार दि रे आर्दुईनो’, म्हणजे आर्दुईनो राजाचा बार. मासिमो बान्झी नावाचे एक शिक्षक तिथे नेहमी जात. बोर्डाला नाव मिळालं ते त्या बारवरून.

बान्झी शिकवत ती संस्थाही इव्रेआच्या मातीतलीच. १९०८ पासून हे शहर ऑलिव्हेट्टी कंपनीचं. टाइपरायटर इथले, आणि टेबलावर ठेवून प्रोग्रॅम करता येणारं ‘प्रोग्रामा १०१’ हे १९६५ सालचं गणनयंत्रही ऑलिव्हेट्टीचंच. २००१ मध्ये टेलिकॉम इटालिया आणि ऑलिव्हेट्टी यांच्या पैशावर इथे इंटरॅक्शन डिझाइनची संस्था सुरू झाली. हात लावताच उजळणारा दिवा, कुणी जवळ आलं की आवाज करणारी वस्तू, अशा गोष्टी विद्यार्थ्यांना घडवायच्या होत्या. चित्र काढता येत होतं, नमुना बनवता येत होता. सर्किट म्हटलं की गाडी अडायची.

त्या काळी अशांच्या हाती दिला जाई तो पॅरालॅक्स या कॅलिफोर्नियातल्या कंपनीचा ‘बेसिक स्टॅम्प’ हा बोर्ड. १९९२ पासून बाजारात असलेला, नावाप्रमाणे पोस्टाच्या तिकिटाएवढा. शिकायला सोपा, पण विद्यार्थ्याच्या खिशाला जड आणि ताकदीला तोकडा.

दरम्यान अशा बोर्डांवरची चिपच बदलली होती. जुन्या मायक्रोकंट्रोलरच्या, म्हणजे वस्तूला हुकूम देणाऱ्या चिमुकल्या संगणक-चिपच्या, पाठीवर काचेची बारीक खिडकी असे. प्रोग्रॅम चुकला, की चिप अतिनील प्रकाशाखाली काही मिनिटं ठेवायची, आतलं सगळं पुसायचं आणि पुन्हा भरायचं. शिकणारा माणूस चुकतो तो दर दोन मिनिटांनी, त्यामुळे ही पद्धत त्याच्या कामाची नव्हती. नॉर्वेतल्या ट्राँडहाइमच्या आल्फ-एगिल बोगेन आणि व्हेगार्ड वोलान या दोन विद्यार्थ्यांनी मांडलेली ‘एव्हीआर’ रचना १९९० च्या दशकात ॲटमेल कंपनीने बाजारात आणली. तिच्यात प्रोग्रॅम फ्लॅश मेमरीत राहतो. तो चिप जागेवरच ठेवून पुसता येतो, पुन्हा लिहिता येतो. त्यात ‘बूटलोडर’ नावाचा छोटासा प्रोग्रॅम आधीच भरून ठेवला, की संगणकाला जोडलेल्या केबलमधून आलेला नवा प्रोग्रॅम चिप स्वतःच आत घेते. वेगळं यंत्र लागत नाही. नवशिक्यासाठी एवढी मोठी सोय दुसरी झाली नसेल.

या चिपवर शिकणाऱ्याला पेलेल अशी भाषा चढवली ती कोलंबियाहून आलेल्या एर्नांदो बारागान या विद्यार्थ्याने. २००३ मध्ये त्याने पदव्युत्तर प्रबंधासाठी ‘वायरिंग’ हे काम हाती घेतलं. बान्झी आणि केसी रीस हे त्याचे मार्गदर्शक. रीस यांनी बेन फ्राय यांच्यासोबत चित्रकारांसाठी ‘प्रोसेसिंग’ ही प्रोग्रॅमिंगची व्यवस्था केली होती. तिथे प्रोग्रॅमला ‘स्केच’ म्हणत, कारण चित्रकार कच्चं रेखाटन करतो तसंच कोडही करून बघावं, खोडावं, पुन्हा करावं. बारागानने तो शब्द आणि ती वृत्ती तारांच्या जगात आणली. चिपच्या रजिस्टरमधले शून्य-एक मोजत बसण्याऐवजी ‘पिनमोड’ने सांगायचं की ही पिन बाहेर वीज देणार, आणि ‘डिजिटलराइट’ने ती चालू किंवा बंद करायची. एकदाच करायचं ते ‘सेटअप’मध्ये, सतत करायचं ते ‘लूप’मध्ये. आर्डुइनोवर पहिला एलईडी लुकलुकवणारं जगातलं कुठलंही पोर आज हेच शब्द लिहितं.

२००५ मध्ये बान्झी, स्पेनचे दाविद क्वार्तिएलेस आणि डेव्हिड मेलिस यांनी ‘वायरिंग’चा गाभा घेऊन त्याला ‘एटीमेगा८’ या स्वस्त चिपचा आधार दिला. टॉम इगो आणि बोर्ड बनवून देणारे जानलुका मार्तिनो हेही मंडळीत आले. बारागान मात्र त्या मंडळीत नव्हता. आर्डुइनोच्या कागदोपत्री ‘वायरिंग’चा उल्लेख आहे, पण जगभर गाजली ती पाच नावं. २०१६ मध्ये बारागानने आपली बाजू सविस्तर लिहिली. परवान्याच्या दृष्टीने कुणी काही चुकीचं केलं नसेलही. तरी या कुळाचा मूळपुरुष सांगायचा झाला, तर पहिलं नाव त्याचंच घ्यावं लागेल.

आराखडा खुला करण्यामागे तत्त्व होतं तशी निकडही होती. इव्रेआची संस्था त्याच सुमारास बंद होऊन मिलानला हलत होती. काम कुणाच्या कपाटात कुलूपबंद होण्याआधी सगळ्यांच्या हाती देऊन टाकलेलं बरं, असं या मंडळींनी ठरवलं. दहा हजार बोर्ड झाल्याच्या खुणेसाठी २००७ च्या बोर्डाचं नाव ठेवलं ‘दिएचीमिला’, इटालियनमध्ये दहा हजार. २०१० मध्ये आला ‘उनो’, म्हणजे एक. आपल्याकडे त्याला सगळे ‘युनो’ म्हणतात.

सुरुवातीच्या त्या घाईची एक खूण बोर्डावर राहून गेली. पिनांमधलं नेहमीचं अंतर २.५४ मिलिमीटर असतं; ७ आणि ८ या पिनांमध्ये मात्र ते ४.०६ मिलिमीटर आहे. आखणीतली ही चूक. ध्यानात आली तेव्हा बोर्ड बरेच पसरले होते, आणि वर बसवायची जोडपाटी, म्हणजे ‘शिल्ड’, त्याच अंतराने तयार होऊ लागली होती. दुरुस्ती केली असती, तर ती सगळी शिल्डं निरुपयोगी ठरली असती. म्हणून चूक तशीच ठेवली. साध्या भोकांच्या पट्टीवर हा बोर्ड अजूनही नीट बसत नाही. शिल्ड उलटं लावण्याचा धोका मात्र त्याच अंतराने टळतो. लॅमिंग्टन रोडवर मिळणाऱ्या कॉपीवर पट्टी ठेवून पाहिली, तर तिथेही ७ आणि ८ मधली जागा तेवढीच भरते.