पोत्याचं कापड आणि ‘मिळेल ते’

गरिबांच्या वस्तूंवर लिहिताना आपण पटकन म्हणून जातो, ‘मिळेल ते वापरलं.’ हे वाक्य जरा तपासून बघा.

अमेरिकेत पीठ, साखर, कोंबड्यांचं खाद्य सुती पोत्यांतून यायचं. १९२५ च्या सुमारास सेंट लुईसच्या एका गिरणीने ‘गिंगहॅम गर्ल’ हे पीठ चौकड्यांच्या कापडात भरून विकलं. पुढे महामंदीत छापील पोत्यांची चढाओढच लागली. शंभर पौंडांचं पोतं उसवलं की यार्डभराहून थोडं जास्त कापड निघे. त्याचे वेगळे पैसे नसत. तरी बायका पारखून घेत: साखरेच्या पोत्याचं कापड तलम, खाद्याचं जाडसर, शिवाय नक्षी घरातल्या आधीच्या पोत्याशी जुळायला हवी. यातूनच क्विल्ट, म्हणजे तिकडची गोधडी, शिवली जाई.

आता खरी अडचण. तशीच नक्षी दुकानात यार्डावरही मिळायची. मग समोरचा तुकडा पोत्याचा की विकतचा? नुसत्या नक्षीवरून ठरवू नका. पोत्याच्या जाड शिवणीची भोकं शोधा. ती दिसली नाहीत, तर दोन्ही शक्यता नोंदवा.

आणि कापड स्वस्त होतं, म्हणून निवड नव्हती असं मात्र लिहू नका.