सहकार प्रशिक्षण : शिरूर व दौंड

सहकारी संस्थांचे सभासद, पंच व सेवक यांना सहकाराची तत्त्वे, कायदा, हिशेबपद्धती व प्रत्यक्ष व्यवहार यांचे जे शिक्षण देण्यात येते, त्यास सहकार शिक्षण म्हणतात. त्यापैकी सचिव, हिशेबनीस, तपासनीस अशा सेवकांसाठी ठरावीक अभ्यासक्रमाने चालणारा भाग म्हणजे सहकार प्रशिक्षण होय. महाराष्ट्रात हे अभ्यासक्रम प्रथम तयार केले ते आपापला व्यवसाय सांभाळून विनावेतन काम करणाऱ्या जाणकारांनी. अशा प्रशिक्षणाची निकड का भासली, हे पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील शिरूर व दौंड तालुक्यांच्या इतिहासावरून चांगले समजते.

घोड व भीमा या नद्यांच्या काठचा हा प्रदेश पर्जन्यछायेत येतो. एकोणिसाव्या शतकात येथील कुणबी सारा भरण्यासाठी व बी-बियाण्यासाठी सावकाराकडून कर्ज घेई आणि न वाचता येणाऱ्या रोख्यावर निशाणी करी. शिरूर तालुक्यातील कर्डे या गावी एका देशमुखाविरुद्ध सावकाराने मिळविलेल्या हुकूमनाम्यावरून डिसेंबर १८७४ मध्ये गावकऱ्यांनी सावकारांवर बहिष्कार घातला. पुढे १२ मे १८७५ रोजी सुपे येथे बाजारच्या दिवशी उठाव झाला. सुपे आज बारामती तालुक्यात असले, तरी त्या वेळी ते भीमथडी तालुक्यात होते आणि आजच्या दौंड तालुक्याचा बराचसा प्रदेशही त्याच तालुक्यात मोडत असे. पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत पसरलेल्या या दंग्यांत जमावाचा रोख माणसांपेक्षा कागदांवर होता. रोखे, खतावण्या व हुकूमनामे हस्तगत करून जाळणे, हे बहुतेक ठिकाणी घडले.

दंग्यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाच्या अहवालानंतर १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य अधिनियम आला. जमिनीच्या जप्तीवरील निर्बंधांमुळे तो प्रसिद्ध आहे. मात्र प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्यातील हिशेबाविषयीची कलमे अधिक महत्त्वाची आहेत. शेतकऱ्याचे दस्तऐवज ग्रामनिबंधकासमोर लिहिले जावेत, त्याने भरलेल्या रकमेची लेखी पावती त्यास मिळावी, मागितल्यास वार्षिक हिशेब व खातेपुस्तक द्यावे, अशी तरतूद त्यात होती. हिशेब मागण्याचा हक्क शेतकऱ्यास प्रथमच कायद्याने मिळाला. पण मिळालेला हिशेब वाचणार कोण, हा प्रश्न कायद्याने सुटण्यासारखा नव्हता.

सावकारास पर्याय म्हणून विल्यम वेडरबर्न व महादेव गोविंद रानडे यांनी पुरंदर तालुक्यासाठी कृषी बँकेची योजना मांडली होती. हिंदुस्थान सरकार तिला अनुकूल होते, तथापि भारतमंत्र्यांनी ती नामंजूर केली. त्यानंतर सुमारे वीस वर्षांनी, १९०४ च्या सहकारी पतसंस्था अधिनियमान्वये ग्रामीण पतपेढ्या निघू लागल्या. त्यांचा नमुना जर्मनीतील फ्रीड्रिख रायफायझन यांच्या संस्थांचा होता. एका गावापुरते क्षेत्र, सभासदांची अमर्यादित जबाबदारी आणि पंचांनी विनामूल्य काम करणे ही त्याची लक्षणे. मेहनताना मिळे तो फक्त हिशेब ठेवणाऱ्यास. मुंबई इलाख्यात हे काम पुष्कळदा गावच्या शाळामास्तरांकडे येई, कारण लिहितावाचता येणारा, तरी सावकाराशी न बांधलेला असा तोच एक असे. अमर्यादित जबाबदारीमुळे एका चुकीच्या जमाखर्चाचा भार साऱ्या गावाच्या जमिनींवर पडू शकत होता. म्हणजे ज्या कागदांची गावाने होळी केली, त्यांच्या जागी आता गावाच्याच मालकीचे कीर्द-खतावणीचे कागद आले; आणि ते लिहिणारा जर अप्रशिक्षित राहिला, तर सभासदांच्या दृष्टीने जुन्या व नव्या वहीत फरक उरणार नव्हता.

या प्रश्नाची जाणीव निबंधकांच्या कार्यालयासही होती. निबंधक आर. बी. यूबँक यांनी इलाख्यातील सहकारी संस्थांसाठी मार्गदर्शक पुस्तक तयार केले. एडवर्ड मॅक्लॅगन यांच्या समितीने १९१५ मध्ये सभासदांना सहकाराचे शिक्षण दिल्याविना संस्था काढू नयेत, असा आग्रह धरला. तथापि सरकारी यंत्रणा तोकडी होती. तिला पूरक म्हणून निबंधक मानसेवी संघटक नेमीत. वकील, इनामदार, निवृत्त अधिकारी, शिक्षक अशी ही मंडळी असत. त्यांना वेतन नसे.

या विखुरलेल्या कामास १९१८ मध्ये संस्थेचे रूप आले. त्या वर्षी मुंबईस बाँबे सेंट्रल को-ऑपरेटिव्ह इन्स्टिट्यूटची स्थापना झाली. भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर (१८७१–१९३५) व मुंबईच्या मध्यवर्ती सहकारी बँकेचे व्यवस्थापक वैकुंठलाल मेहता (१८९१–१९६४) हे तिच्या प्रमुख कार्यकर्त्यांपैकी होत. सहकारी चळवळीवर मेहतांनी वेंकटसुब्बय्या यांच्यासमवेत लिहिलेले पुस्तक समाजाने त्याच वर्षी प्रसिद्ध केले. इन्स्टिट्यूटने जिल्हा शाखांमार्फत सचिवांचे वर्ग भरविण्यास प्रारंभ केला. अभ्यासक्रमाची विभागणी करणे सोपे होते : तत्त्वे, अधिनियम व पोटनियम, हिशेब, बँक व्यवहार. त्यात काय किती शिकवावे, हे ठरविणे मात्र अवघड होते. वकील कायद्याच्या कलमांचा विस्तार करी, बँकेच्या अधिकाऱ्यास कर्जमागणीचे अर्ज महत्त्वाचे वाटत, तर लेखापरीक्षक तेरीज जुळण्यापलीकडे पाहण्यास तयार नसे. प्रत्येकाचे ज्ञान अस्सल होते, पण ते ज्याच्या त्याच्या धंद्याचे होते. गावच्या सचिवास त्यातला नेमका कोणता भाग लागतो, हे सांगू शके तो संस्थेच्या दप्तरात प्रत्यक्ष बसणारा मानसेवी संघटक. नमुना पोटनियम, ठरावीक नमुन्यातील वह्या व भरून दाखविलेले अर्ज ही त्या काळातील सर्वांत उपयुक्त पाठ्यसामग्री ठरली. ती व्याख्यानांहून अधिक टिकली, यात नवल नाही.

या पद्धतीचे दोषही तितकेच स्पष्ट होते. वर्ग व्याख्यात्यांच्या सवडीने भरत. रेल्वेचे जंक्शन असलेल्या दौंडला पुण्याहून जाऊन त्याच दिवशी परतता येई. शिरूरला रेल्वे नसल्याने जाणाऱ्यास रस्त्यानेच जावे लागे, आणि तेथून आडगावांना पोहोचणे त्याहून कष्टाचे होते. परीक्षेची पातळी सर्वत्र सारखी ठेवणे कठीण होते. १९२९ नंतरच्या मंदीत शेतमालाचे भाव कोसळले, थकबाकी वाढली व अनेक संस्था अवसायनात निघाल्या. तेव्हा केवळ तत्त्वांचा प्रचार करणारे शिक्षण अपुरे पडल्याची टीका झाली. ही टीका अर्धीच खरी आहे, कारण पडलेल्या भावांवर उत्तम हिशेबनीसाचाही इलाज नसतो. मेहता–भणसाळी समितीने १९३७ मध्ये चळवळीच्या पुनर्रचनेचा विचार केला. पुढे सरैया समितीने (१९४६) प्रशिक्षणाची जबाबदारी मुख्यतः शासनाने उचलावी, ही दिशा दाखविली.

स्वातंत्र्योत्तर काळात भारत सरकार व रिझर्व्ह बँक यांनी मिळून १९५३ मध्ये सहकार प्रशिक्षणाची केंद्रीय समिती नेमली. पुण्यात १९६७ पासून वैकुंठ मेहता राष्ट्रीय सहकार व्यवस्थापन संस्था वरिष्ठ अधिकाऱ्यांचे प्रशिक्षण करू लागली. राज्यातील शिक्षणाचे काम इन्स्टिट्यूटच्या परंपरेतून आलेला महाराष्ट्र राज्य सहकारी संघ व जिल्हा सहकारी मंडळे यांच्याकडे राहिले. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ६८ ने संस्थांची शिक्षण निधीची वर्गणी बंधनकारक केली. इंग्लंडमध्ये रॉचडेलच्या अग्रेसरांनी आपल्या नफ्यातील अडीच टक्के रक्कम शिक्षणासाठी राखून ठेवली होती. येथे तेच काम कायद्याने करवून घ्यावे लागले. वेतनी प्रशिक्षकांमुळे वर्गांना नियमितपणा व परीक्षांना एकसारखेपणा आला. त्याचबरोबर अभ्यासक्रम ठरविणारा आणि गावचे दप्तर उघडून पाहणारा या दोन व्यक्ती वेगळ्या झाल्या.

हा दुरावा नेमका अशा वेळी आला, की जेव्हा शिरूर व दौंड येथील सचिवाचे काम अधिक गुंतागुंतीचे होत होते. मुठा कालव्याचे आणि पुढे शिरूर तालुक्यातील चिंचणीजवळच्या घोड धरणाचे पाणी आल्यावर कोरडवाहू शेताशेजारी ऊस उभा राहिला. पाटस येथे भीमा व न्हावरे येथे घोडगंगा हे सहकारी साखर कारखाने निघाले. पुणे जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेकडून (१९१७) येणारे पीककर्ज विविध कार्यकारी सोसायटीमार्फत वाटले जाते. त्यासाठी सचिव कमाल मर्यादा पत्रक तयार करतो. सभासदाचे क्षेत्र, पीक व कर्जाची मर्यादा त्यात नोंदली जाते. ऊसबिलातून होणारी वसुलीही त्यालाच सभासदाच्या खाती जमा दाखवावी लागते. एकाच गटसचिवाकडे अनेक गावे असली, की या नोंदी मागे पडतात. ही कामे नवा सचिव बहुधा जुन्या सचिवाच्या शेजारी बसून शिकत आला आहे. छापील अभ्यासक्रमात त्यांना मिळालेली जागा थोडी आहे. मानसेवी पद्धत कागदावरून गेली, तरी व्यवहारात ती अशा रीतीने उरली. फरक इतकाच, की आता शिकविणाऱ्याचे नाव कोठेही नोंदले जात नाही.

सत्त्याण्णवाव्या घटनादुरुस्तीनंतर २०१३ मध्ये राज्य अधिनियमात कलम २४ अ घालण्यात आले व सभासद, पदाधिकारी आणि सेवक यांचे शिक्षण संस्थांवर बंधनकारक झाले. राज्यांतर्गत संस्थांविषयीचा त्या घटनादुरुस्तीतील भाग सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये अवैध ठरविला. २०२२ मध्ये केंद्र शासनाने आरंभी सुमारे ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाची २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. तीनुसार कीर्द व खतावणी एका समान आज्ञावलीत ठेवावयाची असून सचिवांचे प्रशिक्षण हा योजनेचाच भाग आहे. यंत्रावर नोंद करण्यास शिकविणे त्यामानाने सोपे आहे. प्रत्येक सभासदाची आरंभीची बाकी जुन्या वहीतून नव्या खात्यात उतरविताना ती त्यास दाखवून, त्याच्या पावत्यांशी पडताळून घ्यावी लागते, आणि हे काम गावात बसूनच करावे लागते.