मंत्रालयातली जाळी

मंत्रालयात कधी कामाला गेलात, तर वरच्या मजल्यावरून मधल्या मोकळ्या जागेत डोकावून बघा. खाली जाळी ताणलेली दिसेल.

या इमारतीला आधी सचिवालय म्हणायचे. शंकरराव चव्हाणांच्या काळात ते 'मंत्रालय' झालं. म्हणजे कारभार सचिवांचा नाही, लोकांनी निवडून दिलेल्यांचा!

जानेवारी २०१८. धुळे जिल्ह्यातल्या ८४ वर्षांच्या शेतकऱ्याने संपादित जमिनीच्या मोबदल्यासाठी खेटे घालून शेवटी तिथंच विष घेतलं. ते वाचले नाहीत. फेब्रुवारीत एकाने पाचव्या मजल्यावरून उडी मारून जीव दिला. मग जाळी लागली. ऑक्टोबर २०२४ मध्ये तर विधानसभेचे उपाध्यक्ष नरहरी झिरवाळच आदिवासींच्या मागण्यांसाठी त्या जाळीवर उतरले. सत्तेतल्या माणसालाही ऐकवायला जाळीच लागली!

आता गेटवर चेहरा ओळखणारी यंत्रणा आलीय. सुरक्षा हवीच, त्याला ना नाही. पण जाळी पडणाऱ्याला झेलते, तो इथवर का आला हे विचारत नाही. मोबदल्याची फाईल जिल्ह्यातच निकाली निघाली असती, तर त्या म्हाताऱ्याने मुंबईची वाट कशाला धरली असती?

मंत्रालयाच्या गेटवरची गर्दी कमी करायचीय ना? मग सुरुवात आपल्या तहसील कचेरीपासून करा.